बेस गिटार आणि अष्टमीचा दिवा

सुहास खर्डेकरांना कर्जतमध्ये सगळे 'सर' म्हणतात. त्यांनी वर्गावर कधी शिकवलं नाही. ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं सहायक होते. पण पांढरा कोट आणि मोजकं बोलणं एवढ्या भांडवलावर आपल्याकडे माणूस सर होतो. त्या एकतीस वर्षांत प्रयोगशाळेत कुणाचं बोटसुद्धा भाजलं नाही, असं निरोपसमारंभात प्राचार्यांनी सांगितलं. शाल-श्रीफळापेक्षा सरांना हे वाक्य जास्त आवडलं. अपघात निष्काळजी माणसांना होतात, अशी त्यांची खात्री होती. ती आता ठराव मंजूर झाल्यासारखी पक्की झाली.

निवृत्तीनंतर सर्वसाधारण माणूस पहाटे फिरायला लागतो किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. सरांनी बेस गिटार रंगवायला घेतली. वाजवायला नव्हे, रंगवायला. ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून एक माणूस चार जाड तारांतून खालचा, पोटात घुमणारा आवाज काढत असतो, त्याच्या हातात असते ती ही गिटार. काष्टीला बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचं सामान विकायला निघालं होतं, तिथून सरांनी ती आणली. घाट साठ सालातला, पण वस्तू दहा वर्षांपूर्वीची, चिनी कारखान्यातली. ती नक्कल आहे याचं सरांना दुःख नव्हतं. तिच्यावरचा रंग मात्र त्यांना बघवत नव्हता. प्लॅस्टिकच्या बादलीसारखा जाड, चकचकीत, कधीही न मरणारा.

खऱ्या जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असायचं, हे त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं. पातळ थर, खाली लाकूड जाणवतं. वर्षं गेली की लॅकर पिवळं पडतं, आणि त्याखालचा फिकट निळा रंग हळूहळू हिरव्याकडे झुकतो. सरांना तो निळा हवा होता, हिरवा होऊ घातलेला. गावात जो तो दगडी जोत्यावर काचेची तावदानं लावत असताना हा माणूस ओट्यावर बसून नव्या वस्तूला जुनं करत होता. दोन महिने त्यांनी गिटार खरवडली, पॉलिश पेपरने घासली. मग लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सीलरचे हात दिले आणि पुन्हा घासली. लाकूड इतकं गुळगुळीत झालं, की त्यावरून हात फिरवताना ते आपल्याच मुलीच्या पाळण्यातल्या पायांबद्दल काहीतरी पुटपुटले. दमयंतीबाईंनी ते ऐकलं.

दमयंतीबाई त्यांच्या पत्नी. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्या वाचल्या, पण वास गेला तो परत आला नाही. दूध करपलेलं त्यांना धूर दिसल्यावर कळतं. बाकी तब्येत ठणठणीत. त्यांची एकुलती एक लेक मधुवंती पुण्याला असते. तिची दोन गर्भारपणं अर्ध्यातच संपली होती. यंदा तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला होता. म्हणून दमयंतीबाईंनी या नवरात्रात दिव्याचा नवस बोलला होता. घरात घट दरवर्षी बसतो, दिवाही लागतो. पण यंदाचा दिवा मधूच्या नावाचा. नऊ दिवस, क्षणभरही न विझता. तो तेवत राहिला तर पोरीची सुखरूप सुटका होणार. विझला तर काय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

सरांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते घटाला हात जोडत नसत, पण तेल संपत आलं की बाटली मात्र आणून देत. संसार पस्तीस वर्षं टिकतो तो असा.

कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन त्यांनी भागवतकडून आणली. भागवत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. त्याने लॅकर आणि थिनरचे डबे बघितले आणि गनची नळी हातातच धरून ठेवली.

"सर, मारनार कुठं?"

"ओट्यावर."

"उगड्यावरच मारा. ह्ये लई वंगाळ असतंय. आमच्या शेडात आमी बिडी बी पेटवत न्हाई."

"भागवत, मी केमिस्ट्रीत होतो."

"व्हय की. पन थिनर कुठं शाळंत गेल्तं?" म्हणून भागवतने नळी सोडली.

घट बसले आणि पाऊसही बसला. सतत, कंटाळवाणा, सगळ्या तालुक्यात. ओट्यावर मारलेला पहिला हात दहा मिनिटांत पांढुरका पडला. दमट हवेत लॅकरवर अशी साय धरते. सरांनी तो घासून काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मारला. तो पुन्हा पांढरा पडला. पाऊस संपेपर्यंत थांबता आलं असतं. छंदाला घाई नसते, पण हट्ट असतो, आणि निवृत्त माणसाकडे हट्ट पुरवायला सबंध दिवस मोकळा असतो.

तिसऱ्या माळेला त्यांनी सगळं मागच्या खोलीत हलवलं. तिथे कोरडं होतं, धूळ नव्हती, खिडकी घट्ट लागत होती. छताच्या कडीला तार बांधून त्यांनी गिटारीचं धड टांगलं. या खोलीचं दार मधल्या खोलीत उघडतं. मधल्या खोलीत, जमिनीवर, पत्रावळीवरच्या काळ्या मातीत घट बसला होता आणि त्याच्या शेजारी, पाटावर, दिवा.

दमयंतीबाईंनी दारातून टांगलेलं धड बघितलं. "हे पेटबिट घेत नाही ना हो? पलीकडे दिवा आहे."

"पाण्यातला रंग आहे," सर म्हणाले.

एवढंच. आयुष्यात फार कमी खोटं बोललेल्या माणसाचं खोटं आखूड असतं. ज्या डब्यावर लाल ज्वाळेचं चित्र आहे, तो डबा उघडा होता. दुसरी कुणीही बाई नाकाला पदर लावून मागे सरली असती. दमयंतीबाई म्हणाल्या, "मग ठीक," आणि वाती वळायला गेल्या.

सर बेफिकीर नव्हते. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब केला. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. एका दिवसात फार तर तीनशे मिली थिनर उडणार. त्याची वाफ किती, खोलीत हवा किती, पेट घ्यायला प्रमाण किती लागतं. उत्तर आलं, धोक्याच्या एक षष्ठांश. त्यांनी ते दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा ते बरोबर आलं. शिवाय दाराच्या फटीला त्यांनी गोणपाट लावलं. त्या हिशोबात एकच गोष्ट गृहीत धरलेली होती, की वाफ सबंध खोलीत सारखी पसरेल. ती तशी पसरत नाही. ती हवेपेक्षा जड असते आणि पुरासारखी जमिनीलगत साचते. सरांनी हे एकतीस वर्षं पोरांना सांगितलं होतं, दर जूनमध्ये, नव्या तुकडीला. जे दुसऱ्याला फार वेळा सांगून झालेलं असतं ते आपल्यालाही लागू आहे, हे माणसाच्या ध्यानात येत नाही.

पाचव्या माळेला शेजारच्या कडूबाई माळ घेऊन आल्या. ज्वारीच्या पंचवीस एकरांची मालकीण, स्पष्ट बोलणारी बाई.

"वैनी, कसला वास मारतोय? डोकं धरलं माजं."

"मला कुठं येतोय," दमयंतीबाई हसल्या. "अहो, कसला वास हो?"

"रस्त्याचं काम चाललंय," सर पेपरमधून म्हणाले.

"ह्या पावसात डांबर टाकत्यात?" कडूबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "टाकतील बी. त्यांचा काय नेम न्हाई."

सातव्या माळेला दमयंतीबाई सरांजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. कितीतरी महिन्यांत तो तसा दिसला नव्हता.

"जरा येता का आत? ज्योत बघा. रोजच्यापेक्षा उंच झालीये, आणि तिच्याभोवती निळं वलय दिसतंय. आईसाहेबांनी ऐकलं माझं."

"वात जाड झाली असेल."

"वात तीच आहे. बघा तरी."

सर बघायला गेले नाहीत. देवीचे चमत्कार बघायला उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते उठले असते तर दोन पावलांत त्यांना सगळं कळलं असतं. पूर्वी खाणीत उतरणारे लोक खाली वायू आहे का हे दिव्याच्या ज्योतीवरून ओळखायचे. ज्योत लांबली, तिला निळी टोपी चढली, की वर पळायचं. ही गोष्ट सर दरवर्षी रंगवून सांगत. पण तो विज्ञानाचा तास होता, आणि हे बायकांचं काहीतरी होतं. गोणपाटाच्या खालून वाफ रोज थोडी थोडी पलीकडे जात होती आणि दिवा ते इमानेइतबारे कळवत होता. त्याचं ऐकायला घरात फक्त वास न येणारी बाई होती.

अष्टमीला गिटारीवर शेवटचे हात द्यायचे होते. दुपारी सरांनी एकामागून एक चार हात मारले, चांगले ओले, पाचशे मिलीच्या वर. निळा असा उतरला होता की ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग दार लावलं, गोणपाट सरळ केलं आणि ओट्यावर गन धुवायला बसले.

सहाच्या सुमारास बायका जमल्या. ज्योतीची बातमी गल्लीत पोचली होती. कडूबाई होत्या, त्यांची सून आरती होती, आणखी सात-आठ जणी. वास सगळ्यांनाच येत होता, पण तो रस्त्याच्या डांबराचा, असं कडूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. आरतीने मोबाईल ज्योतीवर धरला होता. दुसऱ्या हातात तबक, तबकात कापूर आणि काडेपेटी.

"बसा बसा," दमयंतीबाई म्हणाल्या. "सतरंजी काढते, मागच्या ट्रंकेत आहे." त्यांनी पायाने गोणपाट बाजूला सारलं आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडलं.

ओट्यावर सरांना कडूबाईंचा आवाज आला. "आगं बया, ज्योत बगा कशी वाढाय लागली. निळी निळी झाली."

सरांच्या हातातली गन खाली पडली. ती उचलायला ते थांबले नाहीत.

आत त्यांना दिसलं ते असं. बायका हात जोडून बसलेल्या. पाटावरच्या दिव्याची ज्योत वीतभर उंच, काठाला निळी, आणि थरथरत नव्हती, फुगत होती. मागे उघडं दार, दारात सतरंजी काखेत घेतलेली दमयंती. आरतीने तबक खाली ठेवलं होतं आणि काडेपेटीतून काडी काढली होती.

"आरती, काडी ओढू नकोस," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तिने ऐकलं.

मग ते बायकांच्या मधून पुढे गेले, वाकले आणि दोन बोटांनी वात चिमटून विझवली.

खोलीत पावसाचा आवाज यायला लागला. तो आधीपासून येतच असणार.

"सर," कडूबाई म्हणाल्या, "ह्ये काय केलं तुमी?"

"सगळ्या बाहेर व्हा. लाइटचं बटन कुणी दाबू नका."

त्यांनी पुढचं दार पुरतं उघडलं, मागची खिडकी उघडली. ओला वारा घरातून आरपार गेला. टांगलेलं निळं धड तारेवर हळूहळू गोल फिरू लागलं आणि बघता बघता त्याच्यावर पांढुरकी साय चढत गेली. सरांनी तिकडे पाहिलं नाही.

बायका निघून गेल्या. काय झालं असतं, हे सांगायचा सरांनी प्रयत्न केला, पण झालं नव्हतं ना. न लागलेली आग दाखवता येत नाही. आरतीच्या मोबाईलमध्ये होतं ते एवढंच: निळी, उंच, देखणी ज्योत, आणि तिच्यावर आलेली दोन बोटं. ते रात्रीपर्यंत खर्डा गावातल्या भाऊबंदांपर्यंत पोचलं.

दमयंतीबाई ओट्यावर सतरंजी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरांनी त्यांना सगळं सांगितलं. डबा, थिनर, हिशोब, एक षष्ठांश, जमिनीलगतची वाफ. पाण्यातला रंग हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे मला वास येत नाही, हे तुमच्या सोयीचं झालं," त्या म्हणाल्या.

सर बोटांवरची काजळी पुसू लागले.

"आत आठ-दहा जणी होत्या. त्या वाचल्या ना?"

"हो. नक्की."

"मग दिवा विझवलात हे बरोबरच केलंत. त्याबद्दल मी काही म्हणत नाही." त्यांनी सतरंजीची घडी नीट केली. "सहा दिवस विझवला नाहीत, हा प्रश्न आहे. आणि मधूला यातलं काही कळवायचं नाही."

घर हवेशीर झाल्यावर दमयंतीबाईंनी दिवा पुन्हा लावला. काहीजण म्हणतात अशा वेळी एकशेआठ वेळा जप केला की चालतं. त्यांनी तो केला. पण नवव्या माळेला कडूबाईंखेरीज कुणी आलं नाही. आणि कडूबाईसुद्धा माळ दारातूनच देऊन गेल्या, सरांच्या बोटांकडे न बघता. घरावर आता काहीतरी येणार हे गल्लीने धरून ठेवलं होतं. कधी आणि कुणावर, एवढंच बाकी होतं. कुणी वाईट चिंतत नव्हतं. फक्त सगळे वाट बघत होते.

मधूच्या सोनोग्राफीची तारीख दसऱ्यानंतरच्या सोमवारी होती. सरांचा शकुन-अपशकुनावर विश्वास नाही. वात आणि गर्भाशय यांचा संबंध नसतो हे ते आजही तुम्हाला पटवून देतील. त्याआधीच्या शुक्रवारी त्यांनी मधूला सकाळी फोन केला, मग दुपारी, मग चार वाजता.

"बाबा," चारच्या फोनला मधुवंती म्हणाली, "घरी काही झालंय का?"

"नाही. पाऊस आहे नुसता."

"मग?"

"काही नाही. बाळ हलतंय ना?"

"सकाळी हलत होतं," ती म्हणाली. "आता झोपलं असेल."

सरांनी घड्याळात पाहिलं. दमयंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.