दिल्लीवाली आत्या

केळव्यात आणि बोईसरला माझ्या आत्याला सगळे ‘दिल्लीवाली’ म्हणत. ती विरारच्या पलीकडे कधी गेली नव्हती. पण भांडण कुठलंही असो, तिचं वाक्य ठरलेलं, ‘‘दिल्लीच्या कोर्टाने सांगितलंय!’’ शेजारणीने टोपावरचं झाकण उचललं की म्हणे, ‘‘माणसाला खासगीपणाचा हक्क हाय. ठेव झाकण!’’ बातम्यांत ऐकलेला निकाल ती असा चुलीपर्यंत आणायची.

आतोबा गेल्यावर तिने बोईसरला कारखान्यातल्या पोरांसाठी खानावळ काढली. एकदा तापातून उठलेल्या पोराला तिने जास्तीची वाटीभर डाळ फुकट दिली. दुसऱ्या दिवशी अख्खी पंगत ओरडली, ‘‘काकी, कल उसको दिया था!’’

‘‘बरोबर हाय,’’ आत्या म्हणाली. ‘‘एकाला निकाल दिला की तो पुढच्यालाही लागू.’’ सगळ्यांना वाढलं. डाळ महागली तेव्हा मात्र तिने जाहीर केलं, ‘‘मोठं खंडपीठ बसलं. जुना निकाल फिरवला.’’

‘‘बेंच में कौन कौन था, काकी?’’

‘‘मी, आणि ही पळी.’’

मी पालघरला वकिली करतो, म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या दादाने, मलाच हक्कसोडपत्र देऊन तिच्याकडे धाडलं. आमच्याकडची रीतच ती. बहिणीने वडिलोपार्जित वाडीवरचा, आमच्यात केळव्याच्या वाडीवरचा, हक्क सोडायचा, भावाने साडीचोळी करायची, आणि याला माहेर राखणं म्हणायचं. मुलगी जन्मानेच वाटेकरी, बाप हयात असो वा नसो, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा नुकताच आला होता. मी तो नीट वाचला होता. तिला म्हणालो काय, तर ‘‘आत्या, नुसती रीत गं. इथे सही कर.’’ हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तिने हात पुसले. ‘‘आधी साडी बघू.’’ काठ पसंत पडले, साडी कपाटात गेली. मग भरल्या पंगतीत विचारलं, ‘‘आता सांगा वकीलसाहेब, पोरीच्या वाट्याबद्दल दिल्लीने काय सांगितलंय?’’

मी पुटपुटलो.

‘‘मोठ्याने! या पोरांनापण बहिणी हायत.’’

सांगितलं.

‘‘कागद घेऊन जा. साडी ऱ्हाऊ दे.’’

दादांनी निरोप धाडला, सही नाही तर माहेर नाही. तिचं उत्तर आलं, ‘‘सहीवर टिकतं त्याला माहेर नाही, भाडेपट्टा म्हणतात.’’ भाऊबीजेला तिला बोलावणं गेलं नाही. तरी ती आली, तीच साडी नेसून. दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आत्या ताट घेऊन उभीच.

‘‘दादा, तोंड इकडे कर. वाटा कोर्टाने दिला, ओवाळणी पण कोर्टाकडेच मागू काय?’’

दादा आधी खोकले, मग हसले, मग त्यांना हसू आवरेना. पुढे रीतसर वाटणी झाली आणि अर्धी वाडी आत्याच्या नावे लागली.

गेल्या वर्षी आत्या गेली. सफाळ्याहून, मनोरहून भाऊ अजून बहिणींना घेऊन माझ्याकडे सह्यांना येतात. एखादी हळूच विचारते, ‘‘केळव्याच्या दिल्लीवालीचं माहेर तुटलं काय हो?’’

‘‘नाही तुटलं,’’ मी सांगतो. मग सहीआधी तो निकाल मोठ्याने वाचून दाखवतो. भाऊ घड्याळ बघायला लागतो. मी आणखी सावकाश वाचतो.