ग्लिसरीनशिवाय रडणारी बाई

सिनेमाच्या धंद्यात माझी ख्याती एकच होती, रडण्याची. नायिकेच्या डोळ्यांत ग्लिसरीन घालावं लागे आणि घातल्यावर ती आधी आरशात बघे. मी हिंदीत काय, मराठीत काय, कोणाची तरी आई असे, बहुतेक वेळा मरणाऱ्या पोराची. दिग्दर्शकानं हात वर केला की माझे डोळे भरायचे. अमरावतीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये होते तेव्हापासूनचीच ही देणगी, असं मी विचारणाऱ्यांना ऐटीत सांगत असे. ती साफ थाप होती.

खरं म्हणजे मी दर वेळी मनात माझ्या मुलीला मारत असे.

मुलगी अकोल्याला होती. नवरा तिथे शाळामास्तर, आणि आम्हा दोघांचं घर माझी थोरली नणंद चालवायची. मी महिन्यातले वीस दिवस मुंबईत. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी मी डोळे मिटून अकोल्याच्या घराची ओसरी बघायचे. सारवलेली जमीन, तिच्यावर चटई, चटईवर मुलगी निजवलेली, पाय दक्षिणेला, वेण्या सुटलेल्या. एवढं पुरे होई. पहिल्यांदा हे केलं तेव्हा खोलीवर येऊन देवापुढे नाक घासलं. दहाव्यांदा केलं तेव्हा शॉट संपताच चहा मागवला. याची लाज वाटायची, पण लाजेपेक्षा धास्ती मोठी होती. इतक्या वेळा बघितलेलं एखाद्या दिवशी खरंच होऊन बसलं तर? तरी करत राहिले. कामं मला त्या रडण्यापायीच मिळत होती.

नणंदेला माझं भारी कौतुक. माझा प्रत्येक सिनेमा ती मुलीला घेऊन बघायची. पडद्यावर मी पदर तोंडात धरला की भाचीच्या कानात सांगायची, "आता तुई माय रडून रायली ना, म्हंजे पोरगं मेलं समज." हे मला तिनंच हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसले होते.

चैत्रात एक दिवस स्टुडिओत तार आली. मुलीला मुदतीचा ताप, लगेच निघा. तार हातात पडली तेव्हा मी नुकतीच मुलीला ओसरीत निजवून, रडून, साऱ्या सेटची शाबासकी घेऊन बसले होते.

गाडीत ते चित्र डोळ्यांपुढून घालवायची मी फार खटपट केली. जाईना. सवयीचं झालं होतं. शेगाव आलं तसे मी हात जोडले आणि बोलले, "पुन्हा कधी तिला तशी बघणार नाही. पण ती जगू दे."

अकोल्याला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओसरीला वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ती बाजूला सारून आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले.

मुलगी जमिनीवर होती. चटई तीच. पाय दक्षिणेला. केस सुटलेले.

मला रडू फुटलं. आणि मेलं ते फुटलंही कसं, तर कॅमेऱ्यापुढे फुटायचं तसंच. आधी खालचा ओठ, मग पदर तोंडात, मग गुडघ्यावर बसणं. अंगाला दुसरं रडणं ठाऊकच नव्हतं.

नणंद पाण्याची पट्टी घेऊन धावत आली. "वयनी, काहून रडून रायल्या? बाजेवर लय गरम होत होतं, म्हून खाली निजवली तिले!"

तेवढ्यात मुलीनं डोळे उघडले. बराच वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "आई, मी मेली काय वं?"

मी "नाही, नाही" म्हणत होते आणि माझं रडणं थांबत नव्हतं. तिला ते खोटं वाटलं असणार. तिनं डोळे मिटून घेतले. शेवटी नणंदेनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि बजावलं, "तिच्या डोयापुढं हे तोंड घेऊन याचं नाही."

एकविसाव्या दिवशी ताप उतरला. मुलगी वाचली. डोक्यावरचे केस मात्र सगळे गेले, आणि पुढे कितीतरी दिवस मी जवळ बसले की ती माझे डोळे चाचपून बघायची, कोरडे आहेत ना.

मुंबईला परतले त्याच आठवड्यात पोर मरण्याचा सीन लागला. सगळे तयार होते. दिग्दर्शकानं हात वर केला. शेगावला दिलेल्या शब्दाप्रमाणे मी मुलीला मनातल्या त्या ओसरीत येऊ दिलं नाही, पण ओसरी रिकामी ठेवून डोळे भरेनात. दोनदा शॉट कट करावा लागला. दिग्दर्शक कोणाला तरी म्हणाला, "बाईंना ग्लिसरीन द्या." ते ऐकून मला इतका राग आला की मी डोळे मिटले आणि चटईवर नवऱ्याला निजवलं.

शॉट एकदम छान झाला.

नवऱ्याला मी हे कधी सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं तो घरी साधा शिंकला तरी मी हातातलं काम टाकून त्याचं कपाळ चाचपायला धावायचे, आणि तो म्हणायचा, माझ्या बायकोसारखी जीव लावणारी बाई साऱ्या अकोल्यात नाही.