कावळ्याला काय ठाऊक

दहाव्याला कावळा शिवला नाही की आमच्याकडे लोक मेलेल्या माणसाला वचनं द्यायला लागतात. काहीतरी इच्छा मागं राहिलीय, ती पुरी करतो म्हटलं की कावळा पिंडाला चोच लावतो, असं सगळे धरून चालतात. माझ्या आईच्या दहाव्याला थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, वचन दिलं ते माझं लग्न लावून टाकायचं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मिरजेत कॉलेजात होते, प्राणिशास्त्र घेऊन. शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. आबांना माझं शिकणं पहिल्यापासून खुपत होतं, आणि कडेगावाकडच्या आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. वडील फौजेतून पेन्शनीत आलेले. तिकडं काय गाजवलं असेल ते असो, इथं थोरल्या भावासमोर तोंडातून ब्र काढत नव्हते.

लढायची ती आई. पोरीनं एकटीनं परगावी राहायचं नाही, असं आबांनी बजावलं आणि आठ दिवसांत आईचे गुडघे धरले. मिरजेच्या दवाखान्यात शेक घ्यायचा, तिथंच मावशीकडं राहायचं, आणि सोबतीला पोरगी हवीच. पहिलं वर्ष असं निघालं. दुसऱ्या वर्षी आबा शहाणे झाले, त्यांनी माझ्याऐवजी चुलतीला धाडलं. आईनं चुलतीलाच फितवलं आणि महिनाभरात तिच्या दाढेत कळ काढली. आता दोन आजारी बायका, त्यांचं करायला कुणी नको? मग मी गेलेच.

आबांनी एक कुंपण घातलं की आईनं एक फट शोधायची. वर्गात सरांनी कावळा आणि कोकिळा शिकवली तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आमचंच घर. कावळा काही खुळा नव्हे. पिढ्यान् पिढ्या फसता फसता तो कोकिळ दिसला की अंगावर धावायला लागला. मग कोकिळांनी त्या धावण्याचाच डाव केला. काळा नर घरट्यापाशी येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागं लागतात, आणि ठिपक्यांची मादी गुपचूप येऊन अंडं घालून जाते. अंडंही कावळ्याच्याच वळणाचं. ज्या कोकिळांचं तसं होतं त्यांचीच पिलं तगली. एक सुधारला की दुसऱ्याला सुधारावंच लागतं. हजारो वर्षं हे चाललंय आणि लोक खुशाल म्हणतात, कोकिळा आळशी.

तिसऱ्या वर्षाचा डाव आईला मांडता आला नाही. माझी परीक्षा संपली आणि मे महिन्यात ती तापानं गेली.

दहाव्याला येरळेच्या काठी पिंड मांडला. समोरच्या बाभळीवरच कावळ्याचं घरटं होतं, जोडी तिथंच होती, पण खाली फिरकेना. ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, "पोरीत जीव अडकलाय." आबा पुढं झाले, हात जोडले.

"हिचं कालेज बंद करतो. दिवाळी झाली की लगीन लावतो. शीव आता."

मी बाभळीकडं बघत होते. काळा कोकिळ शेजारच्या फांदीवर ओरडायला लागला. दोन्ही कावळे त्याच्या मागं पार नदीपलीकडं गेले. तेवढ्यात ठिपक्यांची मादी घरट्यात शिरली, जराशी बसली आणि निघून गेली. कावळे परतले, घरट्यात डोकावले, त्यांना काही उमगलं नाही. त्यातला एक सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

"बघा," आबा म्हणाले. "तिचीबी हीच इच्छा हुती. आता कुणी बोलायचं काम न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "आबा, आत्ता तुमच्यादेखत कोकिळा या कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून गेली. आपल्याच घरातलं अंडं कुणाचं, हे ज्याला कळंना, त्याला माझ्या आईच्या मनातलं काय ठाऊक?"

चुलतीनं पदर तोंडाला लावला. आबा थेट वडिलांकडं वळले.

"आवर तुझ्या पोरीला. हिच्या आईला काय पायजे हुतं ते सगळ्यांनी बघितलंय."

वडील पिंडासमोर उघड्या अंगानं बसले होते. सावकाश उठले, धोतराची वाळू झटकली.

"आबा, तिचं गुडघं कवाच दुखत न्हवतं," ते म्हणाले. "मला पयल्या दिसापासनं ठावं हाय."

वडिलांनी पंचा खांद्यावर टाकला.

"आन् जूनपासनं माझं गुडघं दुखणार हाईत. मिरजेला ऱ्हावं लागंल. सोबतीला पोरगी लागंल."