म्हशीला पसंत पडेल असं मराठी

पाळीव प्राण्याच्या सहवासात मनुष्याला आरोग्य, शांती आणि दीर्घायुष्य लाभतं. हे वाक्य मी दवाखान्याच्या भिंतीवर अकरा वेळा वाचलं, कारण वाचायला दुसरं काही नव्हतं. वाक्याखाली सोनेरी केसांचं एक कुत्रं होतं आणि त्याला बिलगून हसणारं परदेशी म्हातारं जोडपं. माझ्या शेजारी माझा थोरला भाऊ, आमचा दादा, बसला होता. तो हसत नव्हता. उन्हाळ्यात त्याच्या अंगावरनं वारं गेलं होतं. उजवा हात आणि पाय हळूहळू परत येत होते, पण जीभ मात्र अडून बसली होती. डोक्यातले शब्द जागच्या जागी होते, तोंडातून बाहेर पडताना त्यांचा चिखल व्हायचा.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी उच्चारांचा एक कागद दिला आणि विचारलं, "घरी एखादा पाळीव प्राणी आहे का? माणसांपुढं लाज वाटते. प्राण्यांपुढं पेशंट मोकळं बोलतात."

"हाय की," वहिनी म्हणाली. "म्हैस हाय."

"म्हणजे कुत्रा, मांजर असं काही नाही?"

"कुत्र्याचं दूध कोण पितंय, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी फाइलमध्ये 'म्हैस' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागं गोठा आहे आणि त्यात ही एकटी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. परगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला थट्टा वाटते. म्हशीची शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसं बांधायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा घालायचा. मग मालकानं लांब जाऊन हाक मारायची आणि म्हशीनं गर्दी फोडून त्याच्याकडं धावत यायचं. दोर नाही, काठी नाही, नुसता आवाज. सात वर्षं ती दादाच्या हाकेला आली होती. हाकही फार मोठी नव्हे: "होऽऽ, चल की गं!"

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी दादानं परसात उभं राहून हाक मारली. 'होऽऽ' बरं निघालं, पुढचं सगळं घरंगळलं. म्हशीनं मान वर केली, दादाच्या मागं कोण परका माणूस आलाय ते पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

दादा तीन दिवस जेवणापुरता उठला. चौथ्या दिवशी त्यानं नातवाच्या पाटीवर डाव्या हातानं लिहिलं, 'पाडव्याला आली नाही तर कुरुंदवाडच्या भाच्याला देऊन टाका.' वहिनीनं ते वाचलं आणि पदरानं पाटी पुसून टाकली.

"द्या की. पर आदी तोंडानं सांगा, मग द्या."

त्या दिवसांत घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. दादा काहीतरी पुटपुटायचा आणि सगळे मान डोलवायचे. "झ्याक बोलताय की आता!" असं म्हणून चहा पिऊन जायचे. मीही डोलवत होतो. बत्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवल्यावर न समजलेल्या गोष्टीला मान डोलवण्याची सवय होते. म्हैस मात्र डोलवत नव्हती. तिला हाक हवी होती, आणि हाक म्हणजे हाक. सहानुभूती म्हणून तिनं एक पाऊलही टाकलं नाही.

पाळीव जनावराचा खरा फायदा मला तिथं कळला. ते खोटं बोलत नाही. दादाला हे आमच्याआधी कळलं असणार, कारण पाचव्या दिवशी तो परसात गेला आणि रोज जायला लागला. दवाखान्यात चार पावलं टाकताना कुरकुरणारा माणूस दिवसातून पाच वेळा गोठ्यापर्यंत चालू लागला. लुळा उजवा हात तिच्या पाठीवर ठेवून तिला घासायला लागला. मी डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन शेजारी उभा राहायचो आणि 'ल' कसा म्हणायचा ते सांगायचो. दोघंही माझ्याकडं लक्ष देत नसत.

नवरात्रात एके सकाळी तिनं एक कान वळवला. मी चपला न घालता स्वयंपाकघरात धावलो.

"कान वळवला!"

"पडाल की, भावजी," वहिनी म्हणाली, पण तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

दसऱ्यानंतर म्हैस चार पावलं पुढं आली आणि थांबली, 'चल' पटलं, 'की गं' अजून कच्चं आहे असं सांगितल्यासारखी. माझ्या वर्गात इतकी प्रगती कुणी केली नव्हती. मला झोप लागेना. दिवाळीचा फराळ झाला, आकाशकंदील लागला, आणि माझ्या डोक्यात फक्त एक क्रियापद होतं.

पाडव्याला रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता. हलगी कडाडत होती. एकेक म्हैस मालकाच्या मोटारसायकलीमागं उधळत जायची आणि पोरं शिट्ट्या मारायची. आमची पाळी आली. पुतण्यानं म्हैस रस्त्याच्या त्या टोकाला सोडली. दादा या टोकाला काठी टेकून उभा राहिला आणि नेमके त्याच वेळी मंचावरचे एक मान्यवर पशुधन आणि संस्कृती यांच्या अतूट नात्यावर बोलायला उठले.

दादानं हाक मारली. ती कर्ण्यात बुडाली. म्हैस जागची हलली नाही.

"आरं, त्यो भोंगा बंद करा की!" वहिनी ओरडली. "माझा दादला बोलतोय!"

भोंगा बंद झाला, हलगीही थांबली. म्हशीचा कान दिसावा म्हणून मी चार पावलं रस्त्यात पुढं गेलो. दादानं छाती भरून घेतली.

"होऽऽ, चल की गं!"

कान वळला. मग मान वळली. मग घुंगरं वाजली आणि ती सुटली! मोरपिसं हलवत, रंगवलेली शिंगं रोखून, सगळी पेठ आपलीच असल्यासारखी धावत आली. लोक ओरडत होते, वहिनी रडत होती, मी दोन्ही हात वर करून काहीतरी किंचाळत होतो. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला.

"बाजूला सरक की रं मास्तर, मधी काय उभारलाईस!"

सहा महिन्यांतलं त्याचं ते पहिलं अखंड वाक्य. 'र' स्वच्छ, 'ल' स्वच्छ, एकही अक्षर गिळलेलं नाही. असं वाक्य कानावर पडल्यावर मी ते ऐकत तिथंच उभा राहिलो.

म्हैस दादापर्यंत पोचली. वाटेत ती माझ्या डाव्या पायावरून गेली. अंगठा दोन ठिकाणी मोडला होता.