कॅरव्हॅनच्या छतावरचं झाकण

मस्कतला मुलाकडे राहायला चाललोय, असं मी घरी सांगितलं. खरं काम ओमानमधल्याच निझवा गावात होतं, आणि त्यामागची गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो.

मुलाचं घर मस्कतच्या अल खौद भागात; तिथून बसने एकटाच निघालो. डोंगर तसेच, उघडे, भाजलेले. निझव्याला एक थांबा आधीच उतरलो आणि उन्हात उलट्या दिशेने चालत सुटलो. एका दुकानदाराने पाणी पाजून वाटेला लावलं.

पूर्वी मस्कतच्या हमरिया भागातल्या कारखान्यात आम्ही जुन्या कॅरव्हॅनचे (मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घराचे) कुठेच न मिळणारे प्लॅस्टिकचे भाग बनवायचो. जुना भाग अखंड सोडवायचा आणि त्यावरून साचा घ्यायचा. रत्नागिरीचे दाऊदभाई आमचे मुख्य कारागीर. उन्हाने प्लॅस्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. गरम पाण्याच्या फडक्याने ते नरम पडेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

एका शुक्रवारी फडकं ठेवून ते नमाजला गेले. मला लवकर सुटायचं होतं. मी पेचकस घातला आणि छतावरच्या झरोक्याचं झाकण मधोमध तडकलं. आता साचा कशावरून घेणार? अर्बाबने (मालकाने) विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काम दाऊदभाईंचं होतं." नमाजहून परतलेल्या दाऊदभाईंनी ते ऐकलं आणि निवलेलं फडकं पिळून वाळत घातलं. आठवड्यात त्यांना गावी धाडलं. पुन्हा ओमानला यायला त्यांना सात वर्षं लागली.

आता निझव्यात त्यांचं छोटं दुकान आहे.

"काय रे सदा, केवढा म्हातारा झालास."

"तुम्ही कुठे जवान राहिलात, दाऊदभाई?"

"खजूर खा. साखर असेल तर एकच खा."

कहवा (वेलची घातलेली कडू कॉफी) झाला. दारात एका ओमानी गृहस्थांची जुनी कॅरव्हॅन उभी होती. मागच्या दिव्याचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायचं होतं. दाऊदभाईंचे हात थरथरतात. गरम फडकं माझ्याकडे देत ते गिऱ्हाइकाला हिंदीत म्हणाले, "पुराना साथी है. इसके हाथ से कभी कुछ टूटा नहीं."

फडकं निवलं, मी ते पुन्हा भिजवलं. कव्हर अखंड सुटलं. दाऊदभाईंनी ते उजेडात धरलं.

"बघ. दहा मिनिटं थांबायचं, बस."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "माझी बस चुकेल." त्यांनी खजुराचं खोकं हातात दिलं.

परतून महिना झाला. खजूर संपले, रिकामं खोकं टाकवत नाही. फोन लावतो, तब्येत विचारतो, ठेवतो. निझव्याला जाताना बसमध्ये एकच वाक्य घोकत होतो. ते तसंच परत आणलंय: दाऊदभाई, ते झाकण मी फोडलं, मला माफ करा.