पम्याने न वाजवलेला सूर

फोन आला तेव्हा मी एका माणसाची कॉलर धरून उभा होतो. भोईवाड्यात कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्या माणसाने काउंटरवर हात आपटून मला 'ए टायपिस्ट' अशी हाक मारली होती, आणि मला तेवढं पुरतं. डाव्या हातात त्याची कॉलर, उजवा हात वर, आणि खिशातला फोन थांबायचं नाव घेईना. फोन मनालीचा, म्हणजे पम्याच्या बायकोचा. "सचिनभावजी, हे गेले," एवढंच म्हणाली. दूध घेऊन जिना चढत होता, दम लागला म्हणून दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस. मी कॉलर सोडली. समोरच्याने संधी साधून माझ्या कानाखाली एक ठेवून दिली आणि पळाला. मला कोणी मारलं आणि मी गप्प राहिलो, असं आजवर झालेलं नाही. त्या दिवशी झालं. खरं सांगतो, ती बसली ते बरं वाटलं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मी काही लेखक नाही. दिवसभर लोकांच्या मारामाऱ्या टाइप करतो. 'शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली' हे वाक्य माझी बोटं झोपेतसुद्धा बिनचूक टाइप करतील. पण पम्याबद्दल, म्हणजे माझ्या मित्राबद्दल, बेंजोवाल्या प्रमोदबद्दल लिहायला बसलो, तर बोटं पहिल्याच ओळीवर अडली. कारण त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागणार, आणि तेवढंच मी अकरा वर्षं टाळत आलोय.

आमच्या खोल्या एकाच चाळीत, मध्ये एक भिंत. पम्याचे अण्णा बंदरावर कामाला होते. शांत माणूस, असं सगळे म्हणायचे, कारण बाहेर ते कोणाशी बोलायचेच नाहीत. घरात आले की पट्टा निघायचा. कारण लागायचं नाही. पाण्याचं पिंप अर्धंच भरलं म्हणून, चप्पल उलटी पडली म्हणून, हसला म्हणून. एकदा त्यांनी त्याला उचलून पिंपावर फेकलेला, त्याचा डावा कान तेव्हापासून जरा कमीच ऐकायचा. भिंतीपलीकडून मला आधी बकलाचा आवाज यायचा आणि मग त्याच्या आयेचा, "मारू नकात ओ तेका, मरात तो." आख्खी चाळ ऐकायची आणि रेडिओ मोठा करायची. माझ्या घरीही हेच. मोठ्यांच्या घरात पडू नये, असं आमचे बाबा म्हणायचे. मला मात्र आतून काहीतरी जळायचं, आणि ते जळणं मी दुसऱ्या दिवशी शाळेत कोणाच्या तरी नाकावर काढायचो. म्हणजे मार त्याने खायचा आणि मारायचं मी... अशी आमची वाटणी.

आठवीत होतो तेव्हा लालबागला एका पोटमाळ्यावर गेमपार्लर निघालं. चालवणारे तात्या, अंगाने दांडगे, आवाज त्याहून दांडगा. चार टीव्ही, चार मशिनं, आणि पन्नास पोरं नंबर लावून. तिथे आम्हाला ती जपानी गेम भेटली, भुतांची. तिचे भागावर भाग येत गेले, अजून येतात. अंधारे बोळ, कुजलेली माणसं, कुऱ्हाडी, भिंतीभर रक्त. आणि मध्येच एक छोटी खोली लागायची. एक दिवा, एक पेटी, एक टेबल. त्या खोलीत भूत येत नसे. तिथे बसून आपण कुठवर आलो ते मशिनमध्ये नोंदवून ठेवायचं, म्हणजे मेलात तरी तिथूनच पुन्हा सुरू. आणि त्या खोलीचं एक म्युझिक होतं. पियानोचे मोजके सूर, पुन्हा पुन्हा तेच, आणि खालून एक लांबट आवाज, पूर्ण निवांत होऊ न देणारा. आम्ही पोरं त्या खोलीत कंटाळायचो, कधी एकदा बाहेर पडून कुऱ्हाड चालवतोय असं व्हायचं. पम्या नेमका तिथेच रमायचा. आपला नंबर आला की हा खोली शोधायचा आणि दिलेला सगळा वेळ तिथे नुसता बसून राहायचा. पोरं शिव्या घालायची, "अबे खेळ ना, झोपतो काय!"

त्याच पार्लरमध्ये नंबरावरून रोज हाणामारी. एकदा एकाने दुसऱ्याच्या डोक्यात स्टूल घातलं, सात टाके पडले. त्यातला स्टूल घालणारा कोण, ते तुम्ही ओळखलं असेल. दुसऱ्या दिवशी तात्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि कायदा सांगितला. कोणत्याही टीव्हीवर त्या खोलीचं म्युझिक वाजत असेल तोवर या माळ्यावर कोणी कोणाला हात लावायचा नाही. लावला तर तात्या त्याला जिन्यावरून खाली सोडणार, पायऱ्या न वापरता. हसण्यावारी गेलं नाही ते. भांडण लागलं की कोणीतरी ओरडायचं, "पम्या, खोलीत जा!" आणि पम्या मुकाट्याने त्या खोलीत जाऊन बसायचा. वळलेल्या मुठी खाली यायच्या. लालबाग-परळची त्या वयाची आख्खी पोरं त्या कायद्यात वाढली.

पम्याने तो कायदा घरी नेला. अण्णांनी पट्ट्याला हात घातला की हा सटकून गॅलरीत यायचा आणि आमच्या दारापाशी शिट्टीवर ती धून धरायचा. मी दार उघडायचो, त्याला आत ओढायचो, कडी लावायचो. दुपारची वेळ, माझे आईबाबा दोघंही कामावर. अण्णा बाहेरून दारावर बुक्क्या मारायचे आणि आम्ही पलंगाखाली बसून असायचो, तो तोंडातल्या तोंडात ती धून गुणगुणत, मी लाटणं हातात घेऊन. अण्णांनी ते दार कधीच फोडलं नाही. पुढे पम्याच एकदा म्हणाला होता, "सच्या, गेममध्ये खोल्या खूप असतात रे. मला एकच होती." असलं काही तो बोलला की मी त्याला शिवी द्यायचो.

दहावीनंतर तो बेंजो शिकला. बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर तारा, डाव्या बोटांखाली टाइपरायटरसारख्या पट्ट्या आणि उजव्या हातात तारा छेडायची नखी. लग्न, हळद, गणपती, सगळ्याला तो हवाच. पम्याचा हात असा चालायचा, की शीव कोळीवाड्यातून हळदीला बोलावणं आलं, की लोक नवऱ्यामुलाच्या आधी त्याची चौकशी करायचे. पण त्याचा जीव अडकलेला त्या खोल्यांच्या म्युझिकमध्येच. प्रत्येक भागाची खोली वेगळी, म्युझिक वेगळं. सगळी त्याने फोनमध्ये नंबर देऊन ठेवलेली, आणि त्यावर तो तासन्‌तास बोलायचा. एका भागातलं त्याला रडकं वाटायचं, एकात नुसती गिटार म्हणून राग, राक्षसांच्या मारामारीतलं ढणढणाटी म्युझिक तर तो ऐकायचाच नाही. ते कोणीपण वाजवेल, म्हणायचा. त्याचं आवडतं दुसऱ्या भागातलं. मी एकदा विचारलं, पहिल्यातलं का नाही? तर म्हणाला, पहिल्यातलं नुसतं ये बस म्हणतं, दुसऱ्यातल्याला माहीत असतं की तुला परत बाहेर जायचंय. बेंजोवर त्याने तेच बसवलं होतं. मिरवणुकीत राडा झाला, की हा चालू गाणं सोडून ती धून धरायचा, भोंग्यांवरून, रस्ताभर. बाहेरच्यांना काही कळायचं नाही. पण पंचवीस-तिशीतली पोरं एकमेकांकडे बघायची, कोणीतरी हसायचं, आणि उचललेला हात खाली यायचा. मी हे तीनदा डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर चाकू खिशात परत गेलेला पाहिलाय.

आणि चौथ्यांदा...

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळाच्या गणपतीचं आगमन, मूर्ती कारखान्यातून निघालेली, भर दुपार. दुसऱ्या मंडळाची मिरवणूक समोरून आली, आधी कोण जाणार यावरून जुंपली. पाच मिनिटांत बांबू निघाले. एकाच्या भुवईतून रक्त, एकाचा दात रस्त्यावर. एकाने मला मागून ढकललं आणि आईवरून बोलला. झेंड्याची काठी माझ्या हातात होती. तो पळाला आणि पम्याच्या बेंजोच्या गाडीमागे जाऊन लपला. तेवढ्यात पम्याने धून सुरू केली. माझ्या डाव्या-उजव्या बाजूचे हात खाली येताना मला दिसत होते. सगळे थांबले. मी नाही थांबलो. काठी उचलली. तो गाडीला चिकटून वाकला होता, मध्ये पम्या, बेंजो मांडीवर, माझ्याकडे बघत वाजवतोय. मी थांबेन याची त्याला खात्री होती, म्हणून तो हलला नाही. काठी त्याच्या डाव्या हातावर बसली. करंगळीशेजारचं बोट मोडलं, बेंजोच्या दोन पट्ट्या तुटल्या, आणि भोंग्यांतून एक असला आवाज आला की मूर्तीच्या गाडीवरची बायकामाणसं किंचाळली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, तर पम्या म्हणाला, टेम्पोच्या दारात बोट सापडलं. मी शेजारी उभा होतो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दिसलंच नाय रे, गर्दीत." तो हो म्हणाला. आमचं बोलणं तुटलं नाही, चहा तुटला नाही, माझ्या लग्नात तोच वाजवायला होता. चार महिन्यांत बोट सुधारलं, बेंजोही दुरुस्त झाला. फक्त ती धून तो जेव्हा जेव्हा वाजवायचा, तेव्हा मधला एक सूर सोडायचा. अख्खी धून नीट, आणि त्या एका जागी गप्प. मला कळायचं ती कुठली जागा. काठी ज्या सुरावर पडली, तीच. मी मनाची समजूत घातली, की बोट तिथवर पोचत नसणार. समजूतच ती, पण तिच्यावर मी अकरा वर्षं आरामात काढली.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. मनाली आत चहा टाकत होती. त्याची मुलगी रेवा, तेरा वर्षांची, बेंजो मांडीवर घेऊन बसली होती. बापाकडूनच शिकलेली. मला बघून तिने तीच धून वाजवली, आणि त्या जागी आल्यावर तीही थांबली. मला राहवलं नाही. म्हटलं, बाळा, तो सूर वाजव की, बाबांचं बोट मोडलेलं म्हणून त्यांना जमायचं नाही, तुझं तर पोचतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, बाबांचं पोचायचं की. आणि तिने हळदीची दोन गाणी वाजवून दाखवली, बाबा वाजवायचे तशीच, त्या सुटलेल्या सुराच्याच पट्टीवर, करंगळीशेजारचं बोट टाकून. मी विचारलं, मग ह्यात का नाही?

"मी पण विचारलं होतं," रेवा म्हणाली. "ते म्हणाले, इथे सच्याकाका काहीतरी बोलणार आहे. तो बोलला की वाजवू."

अकरा वर्षं! लग्नांत, हळदीत, गणपतीत, माझ्यासमोर, माझ्या दुकानासमोर, तो माणूस त्या जागी येऊन थांबत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मी टाळ्या वाजवत होतो. मनाली चहा घेऊन दारात उभी होती. मी खाली बघून बोललो, दोघींना. म्हटलं, हात दिसला होता. गर्दी नव्हती, काही नव्हतं. तो वाजवतोय ते ऐकू येत होतं, हात दिसत होता, आणि मी मारलं. मनालीने कप खाली ठेवला. तिला माहीत होतं. बोट मोडलं त्याच संध्याकाळी पम्याने तिला सांगितलं होतं, आणि वर शपथ घातली होती की सच्याला विचारायचं नाही, तो आपणहून येईल. मला वाटलं ती मला हाकलेल. मी तर म्हणतो तिने मारायला हवं होतं. तिने फक्त सांगितलं, चहा घ्या, निवेल.

मी रेवाला म्हटलं, आता बोललो मी. आता वाजव तो सूर. तिने बोटं पट्ट्यांवर ठेवली, आणि परत उचलली.

"माझ्याशी नाही बोलायचं होतं, काका. बाबांशी बोलायचं होतं."

खरं आहे पोरीचं. तिच्याकडून मी ती धून फोनमध्ये भरून घेतली, जशी आहे तशी. आता दुकानात कोणी काउंटरवर हात आपटला, माझा हात वर जायला लागला, की दुसऱ्या हाताने मी फोनवर ती धून लावतो. गिऱ्हाईकं चक्रावतात, शेजारचा वकील हसतो, हसू दे. मी उभा राहून ऐकतो. ती जागा येते, बेंजो थांबतो. फार वेळ नसतो तिथे, तीन शब्द बसतील एवढाच. मी तोंडातल्या तोंडात म्हणतो, हात दिसला होता... आणि धून पुढे जाते.