मायचा सावळा रंग

जळगावात मेहरूणच्या माझ्या घरात दिवाणखान्याची एकही भिंत रिकामी नाही. सगळे रंगीत फोटो. केळीच्या बागेतली सकाळ, तापीच्या पाण्यात बसलेल्या म्हशी, जामनेरच्या बाजारातला मिरचीचा ढीग. पाइपांच्या भंगारापासून मी धंदा उभा केला आणि जरा बरे दिवस आल्यावर हाच एक शौक केला. फोटो स्टुडिओ बंद पडतोय असं कळलं की जातो, तिथले प्रिंट घासाघीस करून आणतो. लाल रंग उडालेला प्रिंट मला अजून कोणी चिकटवू शकलेलं नाही.

मायचा फोटो त्यात नाही. तिचा रंगीत फोटो मुळात एकच होता, धुळ्याला थोरल्या भावाच्या लग्नातला. घोळक्यात कडेला उभी, हिरवं लुगडं, उन्हात राबून काळवंडलेला चेहरा, कपाळावर गोंदण. ती गेली तेव्हा मी मालासाठी गुजरातेत होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दहाव्यासाठी भावाने तो फोटो स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने तिला घोळक्यातून कापून काढली, मागे निळं आभाळ लावलं, गुलाबी साडी नेसवली, गोरीपान केली आणि डाग समजून गोंदण पुसून टाकलं. मूळ फोटो परत आणायला कोणी गेलंच नाही. पुढे मी गेलो तर तिथे मोबाइलचं दुकान.

हाराखालची ती गोरी बाई पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“नाना, ही कोण?”

“माय शे.”

“ही? हिने कधी ऊन तरी बघितलंय का?”

हार सरळ करत भाऊ म्हणाला, “लोके म्हणतस, चांगला फोटो शे. तुना घरनी बठ्ठी भित फोटोसनी भरेल शे. मायना एक तरी काढा का तू कधी?”

मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला आणि चहा न घेता निघालो. नंतर बोलणं बंद. मी आजही म्हणतो, फोटो त्याच्या ताब्यात होता, सांभाळायचा त्यानेच.

परवा गावातच एका डिझाइनवाल्या मुलीकडे मोबाइलवरचा तो फोटो घेऊन गेलो. म्हटलं, हिला पुन्हा सावळी कर. तिने माउस धरला.

“किती सावळं करू, काका?”

छटेवरून भल्याभल्यांशी भांडणारा मी. मला सांगता येईना. शेवटी भावाला फोन लावला. किती तरी दिवसांनी.

“नाना, मायचा रंग नेमका कसा होता?”

तो म्हणाला, “तुना हात देख.”

मी हात पडद्याशेजारी धरला. मुलीने रंग जुळवला. तरी ती माय नव्हती. माझा हात केव्हाचा दुकानाच्या सावलीतला, पंख्याखालचा.

“अजून गडद कर.”

तिने केलं.

“अजून.”

“काका, स्टुडिओत चेहरा फार गुळगुळीत केलाय. अजून गडद केलं तर नाक-डोळे दिसणार नाहीत.”

तिकडे फोन चालूच होता. भावाने सगळं ऐकलं असावं.

“बस, ऱ्हाऊ दे आते,” तो म्हणाला.

मी मुलीला म्हटलं, “कर अजून थोडं.”